बायपॉडवर दहा, स्लिंगवर आठ: रायफल स्थिर राहत नसेल तर काय तपासायचं

"दादा, स्लिंग बदलू की सरळ बायपॉडच घेऊ?" असं विचारणाऱ्याची रायफल बहुतेक वेळा ठणठणीत असते. (स्लिंग म्हणजे रायफल दंडाशी बांधणारा पट्टा, बायपॉड म्हणजे रायफलखाली लावायचे दोन पाय.) दोष पट्ट्यात असतो, कोपरात असतो, कधी पोटाखालच्या चटईत असतो. तरी पहिला खर्च होतो तो नव्या वस्तूवर. मुलांबरोबर आलेले पालक त्याहून घाईत असतात: "सर, कोणता चांगला तेवढं सांगा, आजच ऑर्डर टाकतो." नाशिकच्या रेंजवर हीच तक्रार इतक्यांदा हाताखालून गेलीय की आता एकदा सविस्तर लिहूनच ठेवतो. फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, खिशाला चाट लावणाऱ्या शेवटी.

लक्षणं

आपल्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ओळखा. "हलते" म्हणजे निदान नव्हे.

बायपॉडवर किंवा वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवली की गोळ्या एकात एक जातात, आणि स्लिंग चढवली की त्याच गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच.

दोन्हीकडे ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) घट्ट येतो, पण जागा वेगळी. पट्ट्यावर एकीकडे, बायपॉडवर दुसरीकडे.

सुरुवातीचे शॉट मध्यात जातात आणि पंधरा-वीस शॉटनंतर सगळा ग्रुप हळूहळू खाली उतरतो. साइटला क्लिक दिले (नेमाचा स्क्रू एकेक खाच फिरवला) की वर येतो, पुन्हा उतरतो.

नेम धरल्यावर फोरसाइटची (नळीच्या टोकावरच्या साइटची) रिंग ठराविक लयीत वर उडते, श्वास रोखला तरी थांबत नाही.

ग्रुप तिरका पसरतो, टार्गेट घड्याळ धरलं तर सातच्या काट्यापासून एकच्या काट्याकडे.

बायपॉड लावूनसुद्धा ग्रुप फुटतो. हे मुख्यतः स्प्रिंगच्या एअर रायफलवाल्यांचं दुखणं, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

कुठलीही तपासणी करण्यापूर्वी रायफल रिकामी, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण, नळी टार्गेटकडे. खालचं निम्मं काम गोळी न भरताच होतं. म्हणून "रिकामीच आहे की" असं म्हणत कुणी नळी शेजारच्या लेनकडे वळवली तर मी तिथेच काम थांबवतो.

तुम्हाला या दोन्हींपैकी काही लागतं का?

सगळ्यात स्वस्त तपासणी नियमांची. १० मीटर एअर रायफलची नेहमीची स्पर्धा उभ्यानं होते, आणि उभ्यानं मारताना स्लिंग चालत नाही. बायपॉडचा तर प्रश्नच नाही. आपल्याकडची बहुतेक शाळकरी मुलं याच प्रकारात असतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या बॅगेत महागडी, नवी कोरी स्लिंग असते. ती कुणी विकली ते विचारत नाही, पण ते पैसे जॅकेट-बुटांकडे वळले असते तर उपयोग झाला असता.

५० मीटर थ्री पोझिशनमध्ये सध्याचा क्रम नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पोटावर झोपून), स्टँडिंग (उभ्यानं) असा आहे, प्रत्येकी २० शॉट. नीलिंग आणि प्रोनला स्लिंग चालते, स्टँडिंगला ती उतरवायची. पट्टा ४० मिलीमीटरपेक्षा रुंद नको, तो जॅकेटच्या बाहीवरून दंडालाच बांधायचा आणि स्टॉकला (रायफलच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या सांगाड्याला) एकाच ठिकाणी अडकवायचा. बायपॉडवर टेकवून नेम धरणं या स्पर्धांमध्ये चालत नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली, तो प्रकार पूर्णपणे स्लिंगचा. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं त्या थ्री पोझिशनमध्ये नीलिंग आणि प्रोन स्लिंगवर, स्टँडिंग नुसत्या हाडांवर. स्वप्नीलची सुरुवातीची घडण नाशिकची, म्हणून इथल्या मुलांना त्याचं उदाहरण दिलं की लगेच पटतं.

बायपॉड ज्या स्पर्धेत अधिकृतपणे चालतो तो एफ क्लासचा एफ-टीआर हा प्रकार, .३०८ किंवा .२२३ रायफलनं लांब पल्ल्यावर मारायचा. तुम्ही तिकडे जाणार नसाल तर बायपॉडचा उपयोग एकच: दोष रायफलमध्ये आहे की माणसात, हे कळण्यासाठी. तेवढ्यासाठी विकतच घ्यायला हवा असंही नाही. पुढे वाळूची पिशवी आणि बटाखाली (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाखाली) तांदूळ भरलेला जुना मोजा, एवढ्यावर भागतं. मोजा मुठीत दाबला की नळी खाली जाते, सोडला की वर येते.

तेव्हा पहिलं काम हे करा. पिशवीवर ठेवून दहा-दहा शॉटचे दोन ग्रुप मारा. पाच शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, पाच गोळ्या नशिबानंही एकत्र येतात. ग्रुप घट्ट आला तर रायफल, साइट आणि गोळी तिन्ही बहुधा निर्दोष, आणि पुढचा शोध आधी तुमच्या पोझिशनमध्ये आणि पट्ट्यात. पिशवीवरही फुटला तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या तपासण्यांकडे जा. स्लिंग बदलून काही होणार नाही.

झीरो कशावर केला होता?

ग्रुप घट्ट पण जागा वेगळी, या तक्रारीचं उत्तर नव्वद टक्के इथेच मिळतं. कुणीतरी बायपॉडवर किंवा पिशवीवर रायफल झीरो केलेली असते, म्हणजे गोळी मध्यात जावी अशी साइट जुळवलेली असते, आणि मग स्लिंगवर मारताना एक-दोन रिंग सरकलेलं दिसतं. यात बिघाड काहीच नाही. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल मागे आणि वर सरकायला लागलेली असते. ती किती आणि कुठल्या दिशेनं सरकेल हे तिला कशानं धरलंय यावर ठरतं. स्लिंग पुढून खाली आणि डावीकडे ओढते, बायपॉडचे पाय खालून रेटतात.

ज्या अवस्थेत स्पर्धा खेळणार त्याच अवस्थेत झीरो करायचा. प्रोनचा वेगळा, नीलिंगचा वेगळा, आणि दोन्हींमधला फरक किती क्लिकचा ते वहीत लिहून ठेवायचं. एवढं केल्यावर निम्मे लोक समाधानानं घरी जातात.

डोळे मिटा

प्रोनमध्ये नीट स्थिरावा, नेम धरा, मग डोळे मिटून दोन-तीन श्वास घ्या आणि उघडा. फोरसाइट अजून काळ्या वर्तुळावर आहे का? बाजूला गेलेली असेल तर शरीराचा नैसर्गिक रोख वेगळीकडे आहे आणि प्रत्येक शॉटला तुम्ही स्नायूंनी रायफल ओढून आणताय. पहिले काही शॉट ते जमतं. स्नायू दमला की ग्रुप आडवा फाकतो.

इथे सगळे हातानं दुरुस्ती करू पाहतात. हात हलवायचा नाही. डावा कोपर खुंटीसारखा रोवलेला ठेवायचा आणि कमरेपासून अख्खं शरीर सरकवायचं. नळी उजवीकडे हवी तर पाय डावीकडे, डावीकडे हवी तर पाय उजवीकडे. वर-खालीसाठी हँडस्टॉप, म्हणजे स्टॉकखाली डाव्या हाताला अडवणारा, पट्टा अडकवायचा तुकडा: पुढे नेला की नळी खाली येते, मागे घेतला की वर जाते. हँडस्टॉप हलवला की स्लिंगची लांबीही बदलावी लागते, हे विसरलं की दुसरं दुखणं सुरू होतं.

श्वासाबरोबर साइट कशी हलते तेही याच वेळी बघा. सरळ उभी वर-खाली जात असेल तर ठीक. तिरकी जात असेल तर कोपर रायफलखाली नाही, बाहेर किंवा आत गेलाय. सातपासून एककडे जाणाऱ्या तिरक्या ग्रुपचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

एनसीसीतून आलेल्या मुलांना हे जड जातं. .२२ रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून मारायची सवय झालेली असते, त्यामुळे आपलं शरीर हाच स्टँड आहे ही कल्पना पचायला वेळ लागतो. नेम त्यांचा उत्तम असतो, पण पिशवी काढली की कोपराचं काय करायचं ते कळत नाही. त्यांना मी काही दिवस गोळी देतच नाही, नुसतं कोरडं ट्रिगर दाबायला लावतो. त्यासाठी चेंबरमध्ये स्नॅप कॅप (सरावाची खोटी गोळी) हवीच. .२२ रिमफायरमध्ये पिन रिकामी आपटली तर चेंबरची कड खराब होऊ शकते.

नाडी उडतेय

फोरसाइट लयीत उडत असेल तर उजव्या हाताची बोटं गळ्यावर ठेवून पडताळा. लय जुळली की शंका मिटली. दंडाच्या आतल्या अंगानं मोठी रक्तवाहिनी जाते. पट्टा तिथे दाबला गेला की प्रत्येक ठोका पट्ट्यातून स्टॉकवर आणि स्टॉकवरून साइटपर्यंत पोहोचतो. बायपॉडवर हा प्रकार जवळजवळ जाणवत नाही, आणि म्हणूनच "बायपॉड चांगला" असा समज पक्का होतो.

यावर औषध पैशाचं नाही. पट्टा दंडावर वर न्या, खांद्याच्या स्नायूच्या जरा खाली, आणि वळवून असा बसवा की ओढ दंडाच्या बाहेरच्या बाजूनं लागेल. जॅकेटच्या बाहीवर पट्टा अडकवायला जे हूक किंवा बटण असतं ते यासाठीच असतं, शोभेसाठी नाही. एका पोरीची बाही एकदा नीट बघितली तर पट्ट्याचा घासलेला डाग दंडाच्या बरोबर आतल्या बाजूला, आणि हुकाभोवतीचं कापड कोरं. हूक कधी वापरलेलंच नव्हतं. पट्टा बोटभर वर घेऊन बाहेरच्या बाजूला फिरवला, हूक लावलं, आणि रिंग शांत झाली. तिच्या वडिलांनी बायपॉडचं पान मोबाइलवर उघडून ठेवलेलं होतं, ते त्यांनी बंद केलं.

पट्टा सुधारूनही थोडी धडधड उरतेच. रेंजवर शिरण्यापूर्वी गेटवर दोन कटिंग मारून येणाऱ्यांची जरा जास्त उरते.

पट्ट्याची लांबी आणि तो घसरतोय का

स्लिंगचं काम एकच: दंड, हात आणि पट्टा यांचा त्रिकोण असा बांधायचा की रायफलचं वजन हाडांवर आणि पट्ट्यावर यावं, स्नायूंवर नाही. तपासायची रीत सोपी. पोझिशनमध्ये या, शेजाऱ्याला उजव्या बाजूनं बट आणि ग्रिप हलकेच सांभाळायला सांगा, आणि डाव्या हाताची बोटं उघडा. डावा हात पूर्ण सैल सोडूनही रायफलची उंची तशीच राहिली तर लांबी बरोबर. खाली बसली तर पट्टा सैल आहे. बट खांद्यात इतकी रुतत असेल की गोळी भरायला उजवा हात काढताना अख्खी रायफल वळते, तर पट्टा फार आवळलाय.

हळूहळू खाली उतरणारा ग्रुप हा घसरणाऱ्या पट्ट्याचा. पट्टा दंडावरून अर्धा-पाऊण इंच खाली आला की त्रिकोण सैल पडतो आणि रायफल खाली बसते. मारणारा नकळत स्नायूंनी ती उचलून धरतो, मग साइटला क्लिक देतो, मग पुढच्या मालिकेत सगळं उलटं. उपाय: बाहीवर पट्ट्याची वरची कड जिथे येते तिथे खडूनं रेघ मारा. वीस शॉटनंतर बघा, पट्टा रेघेवर आहे का? नसेल तर आतली रबरी पट्टी गुळगुळीत झालीय किंवा हूक सुटतंय.

चामड्याची स्लिंग असेल तर नाशिकच्या हवेचा हिशेब धरावाच लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेनं आणि घामानं चामडं ताणतं, आणि जूनमधलं चौथं भोक ऑगस्टमध्ये सैल लागतं. उलट डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरतो, रेंजवरही सकाळी बोटं वळत नाहीत, तेव्हा मुलं जॅकेटखाली जास्तीचा कपडा चढवतात. दंडाचा घेर वाढला की तेच भोक घट्ट होतं. म्हणून वहीत नुसतं "भोक ४" लिहून भागत नाही, आत काय घातलं होतं तेही लिहा. सिंथेटिक पट्टा कमी ताणतो. नवीनच घ्यायची वेळ आली तर मी तोच घ्यायला सांगेन, पण केवळ यासाठी जुना टाकू नका.

नीलिंगची लांबी वेगळी आणि हँडस्टॉपही मागे येतो. प्रोनच्या भोकावर नीलिंग मारणारे बघितलेत. नंतर घोट्याखालच्या रोलला दोष देतात.

हँडस्टॉप

स्टॉकखालच्या रेलवर (ज्या पट्टीवर हँडस्टॉप सरकतो तिच्यावर) अंगठा ठेवून हँडस्टॉप जोरात पुढे-मागे हलवा. तो किंचितही सरकत असेल तर प्रत्येक मालिकेत तुमची रायफल वेगळी आहे. अॅलन की फिरवायचं काम, खर्च शून्य. घट्ट केल्यावर रेलवरच्या आकड्याची नोंद करा. आकडे नसतील तर कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीनं खूण. पट्टा जिथे अडकतो तो स्विव्हल मोकळा फिरतोय ना तेही बघा. अडकून बसला तर पट्टा पिळला जातो आणि हाताच्या पाठीवर वळ उठतो.

बायपॉडवरच गडबड असेल तर

बायपॉडवाल्यांची पहिली तपासणी जमीन. सिमेंटच्या कठीण फरशीवर पाय ठेवले की शॉटबरोबर रायफल उसळते आणि गोळी साधारणपणे वर जाते. त्याच पायांखाली जाड रबरी मॅट किंवा दुमडलेलं गोणपाट टाकलं की ती खाली येते. "आमच्याकडे बरोबर लागते, बाहेर गेलं की बिघडतं" या तक्रारीत मी आधी फरशी विचारतो. स्वतःची मॅट बरोबर न्या, विषय संपला.

दुसरी गोष्ट रेटा. खांद्यानं बायपॉडला किंचित पुढे रेटून पायांतली ढील काढायची आणि प्रत्येक शॉटला तितकाच रेटा ठेवायचा. एकदा रेटून, एकदा सैल, असं केलं की ग्रुप उभा फाकतो. रेटा किती यापेक्षा तो दर वेळी सारखा आहे का, हे महत्त्वाचं.

तिसरी, पायांची लांबी. एक पाय एका खाचेनं जास्त असला की रायफल कलते, आणि कल डोळ्याला पटकन दिसत नाही. हिशेब बघा: .२२ ची मॅच गोळी ५० मीटर जाईपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खाली पडते आणि साइट ती घट भरून काढत असते. रायफल ५ अंशांनी कलली की त्या भरपाईतला सेंटिमीटरभर भाग बाजूला जातो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं, गोळी ५.६ ची. दहा मिळायला गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलीमीटरच्या आत हवा. म्हणजे नेम पक्का असूनही नुसत्या कलण्यानं नऊ. फोरसाइटमध्ये स्पिरिट लेव्हल असेल तर बघत जा. स्लिंगवर मारणाऱ्यांनाही हे तितकंच लागू. थोडा कल चालतो, पण तो दर वेळी तोच हवा.

आणि बायपॉड नळीला आवळून बसवायचा प्रकार कृपया करू नका. स्वस्तात मिळतो, नळीवर ताण देतो, आणि गोळी कुठे जाईल याचा भरवसा संपवतो.

स्प्रिंगच्या एअरगनवाल्यांसाठी

दिंडोरी, निफाडकडून द्राक्षबागेतली पाखरं हाकलायला घेतलेली नळी मोडून भरायची एअरगन घेऊन कुणी ना कुणी येतंच: "बायपॉड बसवून द्या, नेम लागत नाही." एक तर पाखरांवर छर्रे झाडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याचा मामला आहे, त्यात मी पडत नाही. आवाजानं हाकला. दुसरं, टार्गेटवरच मारायचं असलं तरी या बंदुकीला बायपॉड मानवत नाही. आतला पिस्टन आधी पुढे धावतो, मग बंदूक उलट दिशेला झटका देते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. तिला घट्ट धरलं किंवा कठीण आधारावर ठेवलं की ती दर वेळी वेगळी उसळते. पुढचा हात पिशवीवर पालथा टाकून उघड्या तळव्यावर ती नुसती विसावू द्या, पकडू नका. ग्रुप निम्मा झालेला दिसेल. स्लिंगचा हूक नळीला लावलेला असेल तर तोही काढा, पट्टा ओढला की बिजागरीवर ताण येतो.

दहा रुपयांची नोट

इथून पुढे रायफलची पाळी. टार्गेट रायफलची नळी पुढे स्टॉकला न टेकता मोकळी असते. नळी आणि स्टॉकच्या मधून दहाची नोट सरकवा आणि अॅक्शनपर्यंत (बोल्ट बसतो त्या भागापर्यंत) न्या. मोकळी गेली पाहिजे. आता तीच नोट मध्ये ठेवून एकाला प्रोनमध्ये पूर्ण ओढीनं स्लिंग लावायला सांगा, आणि पुन्हा सरकवून बघा. अडकली तर पट्ट्याच्या ओढीनं स्टॉकचं टोक वाकून नळीला टेकतंय. जिथे लांब, बारीक प्लास्टिकचा स्टॉक असतो तिथे हे हमखास. पुढच्या टोकाला बायपॉड लावून रेटलं तरी हेच होतं. लाकडी स्टॉक पावसाळ्यात फुगूनही टेकू शकतो. जूनमध्ये नोट सरळ गेली होती म्हणून सप्टेंबरमध्येही जाईल असं समजू नका. काही रायफलींत मुद्दाम टोकाशी आधार दिलेला असतो, तिथे ही तपासणी गैरलागू. पुस्तिका बघून खात्री करा.

टेकत असेल तर तात्पुरता उपाय हँडस्टॉप किंवा बायपॉड मागे घेण्याचा. स्टॉक तासण्याचा नाही.

साइट, स्क्रू, गोळी

मागच्या पीप साइटचा (छिद्रातून बघायच्या साइटचा) बेस हलतोय का ते बोटानं बघा. स्टॉकचे स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला घट्ट असले पाहिजेत. टॉर्क रेंच नसेल तर अंदाजे आवळू नका, ज्याच्याकडे आहे त्याला गाठा. एक स्क्रू जास्त आवळला की ग्रुप दोन भागांत पडतो आणि मग महिनाभर पट्ट्यालाच शिव्या बसतात. गोळीचा लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेला साठा) बदललाय का हे शेवटी विचारतो, कारण दुसऱ्या लॉटची गोळी मारून बघणं हीच या यादीतली सर्वांत महाग तपासणी. मात्र पिशवीवरसुद्धा ग्रुप फुटत असेल आणि तो नवा डबा उघडल्यापासूनच फुटत असेल, तर ती आधी करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पट्टा, हँडस्टॉप आणि गोळी एकदम बदलली तर सुधारलं तरी कशानं ते कळणार नाही.

कधी थांबायचं आणि कुणाकडे जायचं

बोटांना मुंग्या येणं स्लिंगमध्ये थोडंफार होतंच. पट्टा सोडल्यावर काही मिनिटांत त्या गेल्या नाहीत, हात बधिर राहिला किंवा पकड ढिली पडली, तर सराव बंद आणि डॉक्टर. लहान मुलं सांगत नाहीत, त्यांना विचारावं लागतं. "सहन कर, सवय होईल" असं यात कुणी म्हणू नये.

पिशवीवर ग्रुप घट्ट आहे, पट्टा, हँडस्टॉप, रोख सगळं तपासून झालंय, तरी स्लिंगवर फाकतोय, तर रायफल बाजूला ठेवा आणि कोचला पोझिशन दाखवा. आपला कोपर आपल्याला दिसत नाही. शेजाऱ्याकडून बाजूनं आणि समोरच्या बाजूनं तिरका, असे दोन व्हिडिओ काढून घेतलेत तर कोचचं काम अर्धं होतं. समोरून व्हिडिओ रिकाम्या, फ्लॅग लावलेल्या रायफलचाच आणि रेंज अधिकाऱ्याला विचारूनच.

ट्रिगर, बोल्ट, नळीचं तोंड, अॅक्शनचं बेडिंग (स्टॉकमधली तिची बैठक): यांना हात लावायचा नाही. नाशिकमध्ये प्रत्येकाचा कुणीतरी मित्र सातपूरला नाहीतर अंबडला लेथवर असतो आणि तो खरोखर कसबी असतो, म्हणूनच हे स्पष्ट लिहितोय. मॅट कापून घ्या, स्कोप स्टँड बनवून घ्या, रिकाम्या रेलचा तुकडा करून घ्या. पण .२२ रायफल वर्कशॉपमध्ये न्यायची नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवानाधारकानंच करायची असते, आणि नळी आखूड करणं तर थेट गुन्ह्यात जातं. एअर रायफलवाल्यांनीही जास्त जोराची स्प्रिंग टाकून घेऊ नये. २० ज्यूलच्या वर गेलात की तीही परवान्याच्या कक्षेत येते.

परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जाताना रायफलबरोबर पिशवीवरचे आणि स्लिंगवरचे ग्रुप, प्रत्येकावर तारीख, गोळीचा लॉट आणि हँडस्टॉपचा आकडा लिहून घेऊन जा. नोट कुठे अडकली ती जागाही चिकटपट्टीनं दाखवा. नाहीतर तो आधी विचारेल, "स्लिंगवर मारली होती की बायपॉडवर?"